कुणाकडे आलीस?

पोरी,

तू पाठवलेले चाळीस फोटो दोन संध्याकाळी बसून पाहिले. त्यातले एकवीस पाडव्याच्या शोभायात्रेचे निघाले. नऊवारी, फेटा, गॉगल, बुलेट. फोटो वाईट नाहीत, पण त्या दिवशी गिरगावात ढोलांपेक्षा कॅमेरे जास्त असतात आणि प्रत्येकाकडे हाच फोटो असतो. ते बाजूला ठेव.

मी अडकलो तो सतराव्या फोटोपाशी. चाळीचा लाकडी जिना, पहिल्या पायरीशेजारी भिंतीवर काळी पडलेली पाटी, त्यावर खोली नंबर आणि भाडेकरूंची नावं. दोन नावं नव्या रंगात, एकावर नुसताच पांढरा पट्टा, एका नावापुढे कंसात ‘टेलर’. तू तो जाताजाता काढलेला दिसतोय. तिरका आहे आणि खालची चार नावं कापली गेली आहेत. परत जा आणि समोर उभी राहून सरळ काढ. चाळ रिकामी व्हायला लागली की ही पाटी भंगारात जाते, आणि मग त्या इमारतीत कोण राहत होतं ते सांगणारं भिंतीवर काहीच उरत नाही.

हे एवढं का सांगतोय, तर माझी स्वतःची फजिती झाली आहे. १९९२ मध्ये एका चाळीत मी अख्खा छत्तीसचा रोल संपवला. गॅलरीत कठड्यावर गोधडी, मागे पापड वाळत घातलेले, एक आजी चष्मा पुसतेय. ‘लक्षात राहील’ म्हणून काही लिहून ठेवलं नाही. चाळ पडली, टॉवर उभा राहिला. पुढे एक गृहस्थ आले, आजीचा फोटो आहे का विचारत. मी कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे अख्ख्या रोलचे चिमुकले फोटो एका कागदावर, पुढे ठेवली. ते बराच वेळ भिंग लावून बघत बसले आणि शेवटी म्हणाले, “असू शकेल हो, पण सगळ्या गॅलऱ्या सारख्याच दिसतात.” मलाही मजला सांगता येईना.

तेव्हा घरी आल्यावर, चहाच्या आधी लिहायचं: गल्ली, इमारत, मजला, तू कुठल्या दिशेला तोंड करून उभी होतीस, तारीख. माणसानं नाव लिहायला हरकत घेतली नाही तर नावही. फोनमधल्या लोकेशनवर विसंबू नकोस, अरुंद बोळात ते तुला खुशाल शेजारच्या वाडीत नेऊन ठेवतं.

वाड्यांच्या पाट्याही काढून ठेव. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी ही नावं एका दमात म्हटलीस तरी इथं पूर्वी काय पिकत होतं ते कळतं. नाव टिकतं, पण नेहमीच कामाला येतं असं नाही. मॅजेस्टिकचं बघ. १४ मार्च १९३१ ला देशातला पहिला बोलपट तिथं लागला. थिएटर जाऊन शॉपिंग सेंटर आलं, नाव तेवढं राहिलं. त्या तिकीटखिडकीपुढची रांग कुणाच्या घरच्या अल्बममध्ये आहे का, हे विचारत फिरणं हेही तुझंच काम.

केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो, म्हणून सगळे भाद्रपदात जातात. तू आषाढात जा. मांडव नसतो, पागोळ्या गळत असतात, चौक दिसतो तरी.

गॅलरीखालचे टेकू तू ‘जुन्या मुंबईचं सौंदर्य’ म्हणून पाठवलेस, त्याचा मला जरा रागच आला. १९४७ च्या भाडे कायद्यानं भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकाला डागडुजी परवडेना आणि भाडेकरूला पागडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून घेतलेली, खोली सुटेना. त्या ओढाताणीत लाकूड कुजलं आणि टेकू आला. फोटो जरूर काढ, पण टेकू कशावर उभा आहे आणि काय पेलतोय ते दिसू दे. फक्त पोत नको.

खोताच्या वाडीतली रंगीत लाकडी घरं तर तू काढणारच. ती लोकांची राहती घरं आहेत. प्री-वेडिंगवाल्यांनी तिथल्या रहिवाशांना आधीच पुरतं वैतागून सोडलंय. ओट्यावर बसायच्या आधी विचार.

आता तुझी तक्रार: इमारती मागे कलंडल्यासारख्या येतात. गल्ली बारा फुटांची, तू खाली उभी राहून फोन वर करतेस, दुसरं काय होणार? समोरच्या इमारतीचा दुसरा मजला गाठ आणि कॅमेरा सरळ धर. पण तो मजला गाठायचा म्हणजे जिन्यात कुणीतरी विचारणार, “काय गं, कुणाकडे आलीस?” तू लिहितेस की तिथूनच तू परत फिरतेस. अगं, परत कशाला फिरतेस? तो प्रश्न हाकलायला विचारलेला नसतो. “कुणाकडे नाही, समोरच्या चाळीचा फोटो हवाय,” एवढं खरं सांग. निम्म्या वेळा खुर्ची मिळेल. उरलेल्या वेळा जिना उतरायचा आणि पुढच्या आठवड्यात मागच्या फोटोंचे प्रिंट घेऊन जायचं. प्रिंट, व्हॉट्सॲप नव्हे. ज्या घरात तुझा प्रिंट शोकेसच्या काचेला लागला, तिथली कपाटावरची ट्रंक तुझ्यासाठी खाली उतरते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये गिरगावची मेट्रो सुरू झाली. तिच्या कामासाठी रस्त्यालगतच्या इमारती पाडल्या, तेव्हा मी पत्र्यांच्या कुंपणाला वैतागून दोन वर्षं त्या बाजूला फिरकलोच नाही. माझ्याकडे आधीचं आहे आणि नंतरचं आहे, मधलं काहीच नाही. तुला कुठं पत्रे दिसले तर दर पंधरवड्याला एकाच फरशीवर उभी राहून एक फोटो काढ.

येत्या रविवारी सकाळी सातला त्या जिन्यापाशी ये. मीही येतो.

तुझा,
काका

ता. क. जिन्यात उजेड नसतो. फ्लॅश मारू नकोस, पाटीचा वॉर्निश चमकतो. मी बॅटरी आणि तिचा उजेड पाटीवर परतवायला जुना पांढरा पंचा आणतो.