पत्रातलं ‘असो’

ताई,
माझे वडील ६९ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमधून मेकॅनिक म्हणून रिटायर झाले, कराडला आईसोबत राहतात. ११ वर्षं मधुमेह आहे. गेले सहा महिने दिवसभर यूट्यूब चालू असतं. ‘२१ दिवसांत शुगर मुळापासून’, ‘डॉक्टर हे कधीच सांगणार नाहीत’ असले व्हिडिओ. सकाळी दुधीचा रस, रात्री भिजवलेल्या भेंडीचं पाणी. तीन आठवडे गोळ्याही बंद आहेत असा आईला संशय आहे. औषध कंपन्या माणसाला मुद्दाम आजारी ठेवतात, हे आता त्यांचं पक्कं मत. मी निदान चाळीस फॅक्ट-चेकच्या लिंक पाठवल्या, त्यांनी एकही उघडली नाही. गणपतीत भांडण झालं, मी ‘अडाण्यासारखं वागताय’ म्हणालो, तेव्हापासून धड बोलत नाहीत. त्याआधी, शिमग्याच्या सुमारास, एकदा त्यांचा फोन आला होता, शुगरच्या गोळीने किडनी जाते का म्हणून विचारत होते. मी ऑफिसच्या कॉलवर होतो, ‘यूट्यूबवर बघा ना, सगळं असतं’ म्हणालो. असो. तर त्यांच्या डोक्यातलं हे खूळ काढायचं कसं?
– हिंजवडीहून एक वैतागलेला मुलगा

अरे, मी तुझ्या त्या ‘असो’पाशीच अडकले.

बाबांना शंका आली, आणि ती त्यांनी यूट्यूबला विचारली नाही. तुला विचारली. नेमका प्रश्न होता, रास्त होता, एका वाक्यात मावणारा होता. तू त्यांना दुकानाचा पत्ता दिलास, आणि आता दुकानदाराने माल विकला म्हणून तक्रार घेऊन आला आहेस.

त्या दिवशी पुढे काय झालं असेल ते सांगते. ‘शुगरच्या गोळीने किडनी खराब होते का’ हे शब्द फोनमध्ये कोण टाकतं? ज्याला धास्ती वाटते तो. आणि हेच शब्द शीर्षकात घालून व्हिडिओ कोण बनवतं? ज्याला ती धास्ती विकायची असते तो. दिवसभर ओपीडी उरकलेला डॉक्टर रात्री बसून ‘नाही, जात नाही’ असा पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ करत नाही. यूट्यूबने २०१२ मध्ये शिफारशींचं गणित बदललं. किती जणांनी क्लिक केलं यापेक्षा किती वेळ बघत बसले याला वजन आलं. लोक बघतात त्यातला ७० टक्क्यांहून जास्त वेळ शिफारशींमुळे येतो, हे २०१८ मध्ये कंपनीच्याच मोठ्या अधिकाऱ्याने सांगितलं. चमत्कारी इलाज आणि सपाट पृथ्वी छाप व्हिडिओंची शिफारस कमी करू, अशी घोषणा २०१९ च्या जानेवारीत झाली खरी, पण सुरुवात अमेरिकेतल्या थोड्या व्हिडिओंपासून. कराडच्या ओसरीवर बसलेल्या माणसाने तिच्या भरवशावर राहू नये.

म्हणजे पहिल्या व्हिडिओत त्यांना भीती मिळाली. पुढच्या दोन-चारांत शत्रू मिळाला, औषध कंपन्या. मग उपाय मिळाला, दुधी आणि भेंडी. आणि प्रत्येक वेळी पडद्यावरचा माणूस सुरुवातीलाच म्हणतो, ‘काका, तुमची शंका अगदी बरोबर आहे.’ त्याच्याकडे बाबांसाठी पंचवीस मिनिटं होती.

आता तू द्यायला हवं होतंस ते उत्तर. आधी पाकिटावर नाव बघ. बहुधा मेटफॉर्मिन असेल, एकटी किंवा ग्लिमेपिराइडसोबत. मेटफॉर्मिनने किडनी खराब होत नाही. ती शरीरात मोडत नाही, किडनीवाटे जशीच्या तशी बाहेर पडते. किडनीची गाळण मंदावली तर गोळी अंगात साठते, आणि क्वचित रक्तात लॅक्टिक आम्ल वाढून जिवावर बेततं. म्हणून ईजीएफआर, म्हणजे गाळणीचा वेग, ४५ च्या खाली गेला की डॉक्टर डोस कमी करायला बघतात आणि ३० च्या खाली गोळी बंदच करतात. शेजारच्या कुणाची अशी बंद झाली असेल. व्हिडिओवाला ही गोष्ट शेपटीकडून सांगतो: गोळी घेत होते, किडनी गेली. बाबांना त्यांच्या भाषेत सांग. रेडिएटर चोक झालेली गाडी कुणी कुंभार्ली घाटात पाठवत नाही. म्हणून रेडिएटर कुंभार्ली घाटाने चोक केला असं कुणी म्हटलं, तर वर्कशॉपमध्ये काय ऐकून घ्यावं लागेल? किडनी खराब करते ती वर्षानुवर्षं वाढलेली साखर आणि वाढलेलं ब्लडप्रेशर.

पण एवढं सांगून ऐटीत बसू नकोस. त्या गोळीबद्दल तक्रार करण्यासारखं खरंच काही असतं आणि ते तुझ्या चाळीस लिंकांत नसणार. तिने बऱ्याच जणांना गॅस होतो, पोट बिघडतं, तोंडाला धातूसारखी चव येते. गोळी सोडली की हे सगळं थोड्याच दिवसांत थांबतं. त्याच आठवड्यात दुधीचा रस सुरू केलेला असला की श्रेय दुधीला! व्हिडिओखाली ‘चार दिवसांत हलकं वाटलं’ लिहिणारे खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच हलकं वाटलेलं असतं. साखर मात्र मुकाट्याने वर जाते, कारण रक्तातली साखर साधारण १८० च्या पुढे गेल्याशिवाय ती लघवीत उतरत नाही, तहान वाढत नाही, काही कळत नाही. ‘बरं वाटतंय’ यावरून साखर ओळखता येत नाही. शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, आणि पायांना मुंग्या आल्या की सगळे मधुमेहावर ढकलतात. बाबांच्या पोटाला त्रास होता का? तुला माहीत नाही, कारण तू विचारलंच नाहीस. जेवणाबरोबर घेणं, किंवा हळूहळू विरघळणारी एसआर गोळी, एवढ्यानेही पुष्कळदा भागतं. हे डॉक्टरला सांगता येतं, पण आधी ते कुणी तरी ऐकून घ्यावं लागतं.

तर या शुक्रवारी रात्री कराडला जा. सोमवारची रजा टाक. दुसरा पर्याय मी देणार नाही.

पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे: ‘शिमग्याला तुम्ही विचारलं होतं, मी टाळलं. चुकलो. आणि गणपतीत बोललो तेही चुकलं.’ पुढे ‘पण’ नको. शनिवारी त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या पसंतीचा एक व्हिडिओ पहिल्यापासून शेवटपर्यंत बघ. मध्ये नाक मुरडायचं नाही, स्वतःचा फोन काढायचा नाही. संपल्यावर एवढंच विचार, ‘यातलं तुम्हाला काय पटलं?’ गोळी बंद आहे का हेही तेव्हाच, सरळ, न ओरडता. आईला हेर बनवू नकोस.

रविवारी जुन्या रिपोर्टची फाइल काढा. अकरा वर्षं गोळी खाऊन किडनीचं काय झालं याचा पुरावा मुंबई-दिल्लीत शोधायला नको, त्या फाइलमध्ये आहे. प्रत्येक रिपोर्टमधला क्रिएटिनिन, म्हणजे किडनी रक्तातून गाळून टाकते त्या कचऱ्याचा आकडा, तारखेसकट वहीत उतरवा, लिहायचं बाबांनी. गाड्यांच्या नोंदी ठेवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे शिकवावं लागणार नाही. आकडा वाढत गेलेला दिसला तरी तोच लिहायचा. तेव्हा डॉक्टरांची गरज जास्तच आहे.

सोमवारी सकाळी, जेवणाला आठ-दहा तास होऊन गेल्यावर, रक्त द्या. पाणी चालतं, रस नाही. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर, एचबीएवनसी, क्रिएटिनिन आणि त्यावरून ईजीएफआर, बी-१२, आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर. हे शेवटचं सांगून करून घ्या. किडनीला इजा सुरू झाली असेल तर क्रिएटिनिन वाढण्याच्या आधी पुष्कळदा तेच बोलतं, ३० च्या आत असलं की ठीक. एचबीएवनसी चांगला आला तर घरात ‘बघ, रसाने उतरली’ असा जल्लोष होईल. तो आकडा साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतो, आणि त्यातले दोन महिने तरी गोळीचे आहेत. हे रिपोर्ट यायच्या आधी सांगून ठेव. नंतर सांगितलंस तर ती पळवाट वाटेल.

बंद केलेली गोळी घरच्या घरी पूर्वीच्या डोसने सुरू करायची नाही, कुठून सुरुवात करायची ते डॉक्टर ठरवतील. मधल्या काळात खूप तहान, सारखी लघवी, उलट्या, गुंगी यातलं काही दिसलं, किंवा घरच्या मशीनवर साखर ३०० च्या वर आली, तर शुक्रवारची वाट न बघता दवाखाना. आणि आईला आजच फोन करून सांग: दुधी किसण्याआधी तुकडा चाखायचा, कडू लागला तर फेकायचा. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन माणसं गेली आहेत, आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीनेही तसा इशारा दिला होता. यात विज्ञान-अविज्ञानाचा वाद नाही, कडू दुधी आपल्या आज्यासुद्धा टाकूनच द्यायच्या.

तू आयटीतला, त्यामुळे मधल्या रात्री बाबा झोपल्यावर त्यांचा फोन ‘साफ’ करायचा मोह होईल. करू नकोस. सकाळी ते व्हिडिओ गायब झालेले दिसले की ‘सत्य दाबतात’ हे त्यांना घरबसल्या सिद्ध होईल, आणि दाबणारा मुलगाच निघेल. शिवाय ती बटणं फार कामाचीही नाहीत. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलाने २०२२ मध्ये वीस हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या मदतीने तपासलं, तर ‘नॉट इंटरेस्टेड’ दाबून नकोशा शिफारशी जेमतेम ११ टक्के कमी झाल्या, ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ने ४३ टक्के. डॉक्टरांकडून आल्यावर त्यांनाच वाटलं, तर त्यांच्याच बोटांनी ऑटोप्ले बंद करा आणि बघितल्याचा इतिहास पुसा. नाही वाटलं तर राहू दे.

सोमवारी संध्याकाळी डॉक्टरांकडे वही, रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं न्या, रसाचं प्रमाणही सांगा. शिमग्याचा प्रश्न बाबांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीवर लिहून न्यायचा आणि स्वतःच विचारायचा. वेळ घेतानाच कंपाउंडरला सांगून ठेव, दहा मिनिटं जास्त लागतील. तू मागच्या खुर्चीत बस, आणि बाबा बोलत असताना ऑफिसचा कॉल आला तर उचलू नकोस.