मॉनिटर रिपेअरला टाकू नका (पीएस२, म्हणजे प्लेस्टेशन २ गेम कन्सोल, आणि तीन रंगांची वायर)

"पीएस२ला तीन रंगांची वायर लावली, दुसरं टोक मॉनिटरच्या व्हीजीएत, स्क्रीनवर नुसतं 'आउट ऑफ रेंज'. मॉनिटर रिपेअरला टाकू का?" हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. टाकू नका. मी टाकला होता.

वायर तीच. एकीकडे लाल-हिरवी-निळी पिन, दुसरीकडे १५ पिनांचा व्हीजीए. रंगाला रंग जुळला, पिना घट्ट बसल्या, म्हणून वायरवर शंकाच आली नाही. सर्व्हिस सेंटरने मॉनिटर ठेवून घेतला. रोज फोन केला की "बोर्ड चेक करतोय". सतरा दिवसांनी बोर्ड बदलून बिल हातात दिलं. घरी आणून लावला, तर पुन्हा तेच 'आउट ऑफ रेंज'. त्याच मॉनिटरवर कॉम्प्युटर व्यवस्थित चालत होता, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. कोणी ऐकून घेतलं नाही, याचा राग अजून जात नाही.

दोष वायरचाही नाही, सिग्नलचा आहे. पीएस२चे बहुतेक गेम ४८०आय किंवा ५७६आय या जुन्या टीव्हीच्या सिग्नलमध्ये चालतात, म्हणजे सेकंदाला साधारण १५,७०० ओळी. व्हीजीए मॉनिटर बहुधा ३१,०००च्या आसपास सुरू होतो. त्यात कंपोनंटमध्ये, म्हणजे या लाल-हिरव्या-निळ्या पिनांच्या जोडणीत, हिरव्या पिनेवर उजेड-अंधार आणि सिंक (ओळ कुठून सुरू करायची याचा इशारा), बाकी दोन पिनांवर रंगांचा फरक. व्हीजीएला सरळ लाल, हिरवा, निळा हवा आणि सिंक वेगळा. त्या वायरमध्ये चिप नाही, नुसत्या तारा आहेत. बदल करणार कोण?

माझं मत: वायरींवर आणखी एक रुपया घालू नका, एव्ही टू एचडीएमआयचा छोटा डबा घ्या (त्यात पीएस२ची पिवळी-लाल-पांढरी वायर लागते), ७२०पी/१०८०पीचं बटण असलेला. मात्र डब्यावरचं नाव वाचून घ्या. अगदी तसाच दिसणारा एचडीएमआय टू एव्ही मिळतो आणि तो उलटा चालतो. मॉनिटरला एचडीएमआय नसेल तर पुढे एचडीएमआय टू व्हीजीए अ‍ॅडॉप्टर जोडावा लागेल. डब्याला करंट मोबाइलच्या चार्जरमधून द्या. चित्र थोडं मऊ दिसेल, कंट्रोलरचं बटण दाबल्यावर किंचित उशीरही जाणवेल. फायटिंग गेम खेळत असाल तर हे आधीच धरून चला.

कन्सोलमध्येच लागणारं एचडीएमआय अ‍ॅडॉप्टरही मिळतं, पण त्यातली बरीच ५७६आय तशीच पुढे ढकलतात आणि मॉनिटर परत रुसतो. ते घेतलंच, तर आधी जुन्या टीव्हीवर पिवळ्या पिनेने लावून सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये 'कंपोनंट व्हिडिओ आउट' आरजीबीवरून वाय सीबी/पीबी सीआर/पीआरवर करा.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस नाही, हे माझ्या एका मशीनवरून सांगतोय. पीएस१ किंवा एक्सबॉक्स असेल तर दुसऱ्या कोणाला विचारा.

आणि हो, मॉनिटरला स्पीकर नसेल तर लाल-पांढऱ्या पिना थेट स्पीकरला जोडा. चित्र ताणलेलं दिसलं तर मॉनिटरच्या मेनूत ४:३ करा. मागे कोणकोणती पोर्टं आहेत त्याचा फोटो टाका, म्हणजे नेमकं सांगता येईल.