फुटवे राखायला शिकवण्याआधी खुंटांची नोंद करा

बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याकडच्या मुरमाड माळावर आपण शेतकऱ्यांना तोडलेल्या झाडांच्या जुन्या खुंटांना येणारे फुटवे राखून झाडे वाढवण्याचे प्रशिक्षण दिले, सर्वांनी माना डोलावल्या, आणि पाडव्यानंतर पाहिले तर बरेचसे फुटवे मशागतीत साफ झालेले होते. वर निधी देणारे कार्यालय ‘रोपे किती लावली’ एवढेच विचारते, असे आपण लिहिले आहे. बालाघाटाच्या डोंगरउतारावर आम्ही नेमके हेच भोगले असल्यामुळे सविस्तर लिहितो. खुंटावरचे कोणते फुटवे ठेवायचे, कोणते काढायचे आणि बाजूच्या फांद्या किती उंचीपर्यंत छाटायच्या, हे आपल्याला ठाऊक असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

प्रथम हजेरीपटाविषयी. प्रशिक्षणाला सही करतो तो सातबाऱ्यावर नाव असलेला माणूस, आणि फुटवा तोडतो तो बहुधा दुसराच असतो. बांध साफ करणारा सालगडी, उन्हाळी मशागतीला भाड्याने आलेला ट्रॅक्टरवाला, शेळ्यांसाठी पाला ओरबाडणारी घरातली म्हातारी, यांपैकी कोणालाही आपण बोलावलेले नसते. त्यातच बीड जिल्ह्यातली धडधाकट जोडपी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे मार्चअखेरचा निधी संपवण्यासाठी जानेवारीत घेतलेल्या प्रशिक्षणाला गावात उरलेली मंडळी चहापुरती येतात. माझ्या मते एक बैठक पोळ्यानंतर, मंडळी गावात असताना घ्यावी आणि दुसरी, खास सालगडी व शेळ्या राखणाऱ्यांसाठी, पाडव्याच्या आधी, तीही सभागृहात नव्हे तर बांधावर घ्यावी. सालगड्याचे नवे साल पाडव्याला सुरू होते, म्हणून दरवर्षी नव्या माणसाला पुन्हा सांगावे लागते, हेही धरून चालावे.

आता ज्याने आमचे सर्वांत मोठे नुकसान केले त्याविषयी. कार्यालयाचे नाव घेत नाही. अधिकारी केव्हाच बदलून गेले आणि नाव घेऊन काही साधणारही नाही. आमच्या गटातील शेतकऱ्यांनी उतारावरचे धावडा, टेंभुर्णी आणि पळसाचे खुंट चुन्याने खुणा करून राखले होते आणि फुटवे माणसाच्या उंचीला आले होते. त्याच उतारावर त्या कार्यालयाने मृदसंधारणाचे काम मंजूर केले. आखणी नकाशावर झाली आणि मे महिन्यात, पानगळ होऊन सारा माळ वाळलेला दिसत असताना, जेसीबी येऊन उभा राहिला. अंदाजपत्रकात ‘झुडपे साफ करणे’ अशी बाब होती आणि आमचे खुंट त्या बाबीत बसवले गेले. सलग समतल चर, म्हणजे पाणी अडवण्यासाठी उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले अखंड चर, थेट त्यांच्यामधून गेले. जी मुळे कित्येक दुष्काळ जमिनीखाली तग धरून राहिली होती, ती एका दुपारी उघडी पडली. चराच्या भरावावर रोपवाटिकेतून आणलेली रोपे लावली गेली, त्यांची छायाचित्रे काढली गेली, आणि पुढच्या उन्हाळ्यात टँकरची तरतूद संपल्यावर त्यांतली बहुतेक वाळून गेली. अहवालात मात्र तो उतार ‘वृक्षलागवड झालेले क्षेत्र’ म्हणूनच नोंदला गेला.

तक्रार केली तेव्हा मिळालेले उत्तर असे होते की लावलेल्या झाडाला मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या सरकारी वहीत) जागा आहे, राखलेल्या झाडाला नाही. यात खोटे काही नव्हते, हीच खरी अडचण आहे. राज्यात २०१६ साली २ कोटी, २०१७ साली ४ कोटी, २०१८ साली १३ कोटी आणि २०१९ साली ३३ कोटी रोपांची उद्दिष्टे ठेवली गेली. खड्डा आणि रोप मोजण्याची सवय त्या आधीपासूनचीच होती, आकड्यांनी ती अधिक घट्ट केली. पैशापेक्षा मोठे नुकसान असे झाले की पुढच्या प्रशिक्षणाला कोणी फिरकेना, कारण राखायला सांगणारी आणि उपटणारी मंडळी शेतकऱ्यांच्या लेखी एकच होती. त्यांचे चुकले असे मला आजही वाटत नाही.

चर खोदणे वाईट, असे कृपया समजू नये. जिथे जमिनीत जिवंत मुळेच उरलेली नाहीत तिथे चर हवेतच. मात्र जिथे खुंट आहेत तिथे सलग चरांऐवजी मध्ये जागा सोडत तुकड्यातुकड्यांनी खोदलेले खंडित समतल चर घेता येतात आणि खुंटाभोवतीची जागा सोडता येते. यासाठी भाद्रपद-आश्विनात, खुंट हिरवे असताना, शेतकऱ्यांसह शिवारफेरी काढून प्रत्येक खुंटाला क्रमांक द्यावा, जमिनीच्या गट क्रमांकानुसार यादी करावी, ग्रामसभेचा ठराव घ्यावा आणि त्याची प्रत संबंधित कार्यालयात देऊन शिक्क्यानिशी पोहोच घ्यावी. तोंडी आश्वासनावर विसंबू नये. आखणी करणारा आणि मशीन घेऊन येणारा हे क्वचितच एक असतात. मी तर म्हणेन की ही यादी हाती येईपर्यंत प्रशिक्षणाची तारीखच ठरवू नये.

अधिकाऱ्यांना पटवताना पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशाचे उदाहरण उपयोगी पडते, कारण तिथला पाऊस आपल्याहूनही कमी आहे. मराडी भागात टोनी रिनॉडो या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाची लावलेली रोपे मरत होती. १९८३ साली त्यांच्या लक्षात आले की माळावरची खुरटी झुडपे म्हणजे तोडलेल्या झाडांचे जिवंत फुटवे आहेत. पुढच्या सुमारे वीस वर्षांत तिथल्या शेतकऱ्यांनी जवळपास ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आणली, तीही मुख्यत्वे न लावता. यातला एक भाग आपल्याकडे सहसा सांगितला जात नाही: तिथे झाडे सरकारची मानली जात, आणि राखलेले झाड आपल्यालाच वापरता येईल अशी खात्री वाटू लागल्यावरच शेतकऱ्यांनी कुऱ्हाड आवरली.

आपल्याकडेही हीच भीती आहे. ‘झाड मोठे झाले की परवानगीसाठी खेटे घालावे लागतील’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्याला पर्यावरणाचे महत्त्व सांगू नये, तोडायला परवानगी लागणाऱ्या झाडांची यादी दाखवावी. मी कायद्याचा जाणकार नाही, पण माझ्या माहितीप्रमाणे १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे याच यादीत, साग, खैर, चंदन, मोह, अंजन, चिंच, आंबा, जांभूळ अशी झाडे आहेत. बाभूळ, कडुनिंब, बोर आणि पळस नाहीत. वाहतुकीचे नियम वेगळे आहेत, म्हणून प्रशिक्षणापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयातून सद्यःस्थिती लेखी घ्यावी. ई-पीक पाहणीत, म्हणजे शेतकऱ्याने मोबाइलवरून करायच्या पीकनोंदीत, बांधावरची झाडेही नोंदवता येतात. ती नोंद प्रशिक्षणाच्या दिवशीच करून घ्यावी. सामाईक बांधावरच्या खुंटांबाबत मात्र दोन्ही शेजाऱ्यांची लेखी संमती असल्याशिवाय हात घालू नये, नाहीतर झाड राहील बाजूला आणि बांधाचा जुना तंटा उकरून निघेल.

बाभळीविषयी थोडेसे. तिचे खुंट नीट फुटत नाहीत, त्यामुळे फुटव्यांच्या प्रात्यक्षिकासाठी ती निवडू नये. तिच्या शेंगा खाल्लेल्या शेळ्यांच्या लेंड्यांतले बी मात्र चांगले उगवते; शेळ्या बसवलेल्या जागेवर पहिल्या पावसानंतर उगवलेली रोपे तेवढी वर्षभर राखावीत.

वरचे सारे मुरमाड, खासगी मालकीच्या माळाच्या अनुभवावरून लिहिले आहे. गायरान किंवा वनजमीन असेल तर परवानग्यांचा मार्ग निराळा असतो. आपल्या माळावर कोणत्या जातींचे खुंट अधिक आहेत ते कृपया कळवावे. वेडी बाभूळच (बाहेरून आलेली, झपाट्याने पसरणारी काटेरी जात) जास्त असेल तर ती राखण्यापेक्षा आवरण्याचाच विचार करावा लागेल आणि माझा सल्लाही बदलेल.