मसाईवरचा वारा आणि हातातला कॅमेरा

प्रश्न : सर, नवरात्र संपल्यावर आम्ही तिघी मैत्रिणी पहाटे पन्हाळ्यावरून मसाई पठारावर गेलो होतो, सोनकी अशी फुललेली की नुसतं पिवळंधमक. दीडशेक फोटो काढले आणि घरी कॉम्प्युटरवर बघितले तर निम्मे हललेले, आणि फुलांना पाकळ्याच दिसेनात, पिवळे डाग नुसते. लेन्स ५५-२५० मिलिमीटर, स्टॅबिलायझर चालू होता, फोटोत बारीक दाणे नकोत म्हणून आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० वरच ठेवलेला. ट्रायपॉड घ्यावाच लागेल का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : ताई, ट्रायपॉडचे पैसे सध्या राहू देत. तुम्ही पाठवलेल्या फोटोंची सेटिंग्ज बघितली, बहुतेक ठिकाणी छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ५.६, शटर १/६० सेकंद आणि लेन्स पार २५० ला ओढलेली. हातात कॅमेरा असताना लेन्स जेवढ्या मिलिमीटरची तेवढा तरी वेगवान शटर लागतो, म्हणजे २५० ला १/२५०, त्यात तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर (फोटो टिपणारा आतला भाग) लहान, म्हणून २५० ला दीडनं गुणायचं, १/४०० च्या आसपास आलं. आता स्टॅबिलायझर हाताची थरथर बऱ्यापैकी सांभाळतो हे खरं, पण देठ वाऱ्यावर डुलतोय त्याला तो काय करणार, आणि मसाईवर वारा नाही असा दिवस मी तरी बघितलेला नाही. तुमच्या त्या चौथ्या फोटोत बघा, फुलाला चिकटून असलेला जांभा दगड कसा स्वच्छ आलाय, खड्डान्‌खड्डा दिसतोय, आणि फूल तेवढं पुसलंय. हात पक्का आहे तुमचा.

आयएसओ १०० चा हट्ट सोडा. ८०० केला की त्याच उजेडात १/६० चा १/५०० होतो आणि फूल थांबतं. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सहसा नीट सुधारत नाही. सोपं करायचं तर ऑटो आयएसओ लावा, कमीत कमी शटर १/५०० आणि वरची मर्यादा ३२०० ठेवा, ऊन चढलं की आयएसओ आपोआप खाली येतो. आणि एक गुडघा टेकून, कोपरं बरगडीला लावून बसा, झुळूक जाऊ द्या, ती सरली की देठ क्षणभर उभा राहतो, तेवढ्यात चार-पाच फोटो सलग घ्यायचे, त्यातला एक तरी नक्की चांगला निघतो.

आता ते पिवळे डाग. फ्रेममध्ये गडद हिरवं गवत जास्त आणि फूल छोटं असलं की कॅमेऱ्याला वाटतं सगळंच अंधारलंय, तो उजेड वाढवतो आणि पाकळी जळते, म्हणजे इतकी उजळते की तिच्यातला तपशीलच जातो. कॅमेरा लाल, हिरवा, निळा असे तीन रंग (चॅनल) वेगळे मोजतो, पिवळ्या रंगात लाल चॅनल आधी भरतो, म्हणून साध्या पांढऱ्या हिस्टोग्रामवर (उजेडाच्या आलेखावर) सगळं ठीक दिसतं आणि फसायला होतं, तिन्ही रंगांचा हिस्टोग्राम लावून बघा. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड कमी-जास्त करायची सेटिंग) वजा २/३ करा, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. पण पूर्ण फ्रेम सोनकीनंच भरली असेल तर मात्र वजा करू नका, तिथं कॅमेरा स्वतःच उजेड कमी करतो.

अजून एक, आणि हे मनापासून सांगतोय. एका फोटोत मैत्रीण फुलांत आडवी झोपलेली दिसली. त्या ताटव्याखाली जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ असतो, बी धरायच्या आधीच झाड चिरडलं तर पुढच्या वर्षी तिथं काय उगवणार? तुमच्याकडं २५० ची लेन्स आहे की, पायवाटेवर बसूनच फूल भरून येतंय.

प्रश्न : पन्हाळ्यावर पहाटे धुकं पांढरंशुभ्र होतं, फोटोत राखाडी मळकट का आलं?
– एक वाचक, कागल

उत्तर : कॅमेरा सगळ्या पांढऱ्याला राखाडी धरून उजेड कमी करतो म्हणून. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन अधिक १ करा, दाट धुक्यात अधिक दीड. फोकस धुक्यात नुसता मागं-पुढं हिंडत बसतो, तो तटबंदीच्या काळ्या कडेवर धरा. आणि फोटो काढायच्या आधी लेन्सवरचं दव पुसून घ्या, तिथं दर पाच मिनिटाला पुसावं लागतं.