पाणथळ बुजवून केळी लावू का?

जळगाव जिल्ह्यातल्या हतनूर धरणाच्या फुगवट्यालगतच्या एका भाऊंनी विचारलंय: "वावराच्या टोकाला, नाला जिथं धरणाच्या पाण्याला मिळतो तिथं, वीसेक गुंठे दलदल आहे. पाणकणीस माजलंय, बगळे बसतात, पिकत काही नाही. मुरूम टाकून बुजवली तर केळी येईल का?"

येणार नाही. मुरुमाचे पैसे मात्र जातील.

चैत्रात तिथं हातभर खड्डा घेऊन पाहा. माती निळसर राखाडी निघाली, मुळांभोवती गंजाच्या तांबूस रेषा दिसल्या आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर समजा ही जमीन वर्षातले कित्येक महिने हवेशिवाय राहते. समुद्रकाठच्या चिखलात अशीच माती असते. तिथल्या कांदळवनात चिप्पीच्या झाडाची मुळं चिखलातून वर डोकं काढून हवा घेतात. केळीला ती सोय नाही. दोन-तीन दिवस पाणी साचलं की मुळं सडतात, मागोमाग कंदकुज येते.

आणि पाणी मुरुमानं जिरत नाही, बाजूला सरकतं. असा एक भराव मी पाहिलाय. तिसऱ्या पावसाळ्यात बांधापलीकडचं चांगलं वावर चिबड झालं. ते सख्ख्या भावाचं होतं. पुढचं सांगत नाही.

ती दलदल तुमच्या वावरातून वाहून आलेला गाळ आणि युरिया अडवते, काठच्या विहिरीलाही तिचा हातभार असतो. ती जागा सातबाऱ्यावर तुमची आहे की धरणाच्या संपादनात गेलेली, हे आधी तपासा. संपादित असेल तर भराव टाकणं अंगाशी येईल. तिथं पिकवायचंच असेल तर पाणी उतरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करता येते. ती जलसंपदा विभागाकडून रीतसर हंगामापुरती घ्यावी लागते.

गाळपेरीत पाणी कोणत्या महिन्यात उतरतं त्यावर पीक ठरतं. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत जमीन मोकळी झाली तर हरभरा किंवा दादर (रब्बी ज्वारी) घ्या. हरभऱ्यात 'विजय' वाण ओलीवर बरा तगतो. बियाण्याला किलोमागे 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळा, कारण अशा जमिनीत मर रोग हमखास येतो. जानेवारी उलटला तर हरभऱ्याचा नाद सोडा, टरबूज-काकडी लावा. काठावर तणनाशक आणि कीटकनाशक मारू नका. तिथून पाणी थेट जलाशयात जातं, आणि तेच पाणी खाली गावं पितात.

दुसरा प्रश्न एका तरुण शेतकऱ्याचा. त्याचे अलिबागचे मेहुणे सांगतात की खार जमीन पावसाच्या पाण्यानं धुऊन निघते, मग आमची चोपण (सोडियमनं बिघडलेली) जमीन का नाही?

दोन्ही जमिनी पांढऱ्या दिसतात, पण दुखणं वेगळं आहे. तिकडं भरतीचं मीठ मातीत नुसतं मिसळलेलं असतं. खारबंदिस्तीचा बांध समुद्र बाहेर ठेवतो, उघाडीची झडप ओहोटीला उघडून आतलं पाणी सोडते आणि भरतीला मिटते. त्यात वर पाऊस 2,000 मिलिमीटरच्या पुढे. मीठ विरघळून जातं आणि भात येतो. आपल्या चोपण जमिनीत सोडियम चिकणमातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो, सामू (pH) 8.5 च्या वर जातो, आणि पाऊस जेमतेम 700 मिलिमीटरच्या आसपास. नुसतं पाणी सोडलंत तर जमीन आणखी घट्ट होईल. आधी माती तपासा, अहवालातल्या मात्रेनं जिप्सम घाला, आणि निचऱ्याची चर त्याच्या अगोदर काढा. चर नसेल तर जिप्सम आणूच नका.

जलपर्णीच्या खताबद्दल तिघांनी विचारलंय. करा, पण फुलं येण्याआधी काढा, काठावर चांगली वाळवा आणि मगच शेणाच्या थरात घाला. तिचं बी चिखलात वर्षानुवर्षं जिवंत राहतं. शहराच्या सांडपाण्याच्या नाल्यातली जलपर्णी भाजीपाल्याला वापरू नका.