पहिल्यांदा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पिवळसर पातळ भाग, द्यायला जातोयस ना?

अमेरिकेतल्या सेंटरवर पहिल्या खेपेला दोनेक तास सहज जातात. पोटभर जेवून, भरपूर पाणी पिऊन जा.

सुई लावणाऱ्याला 'पहिलीच वेळ आहे' हे आधीच सांग. एका ठिकाणी नवख्या मुलाने सुई आतल्या आत फिरवली, मी भिडेपोटी गप्प बसलो. आठवडाभर कोपराची खळगी काळीनिळी होती. आता सरळ म्हणतो, "काढा, सीनियरला बोलवा." चांगला स्टाफ याचा राग धरत नाही.

ओठांना मुंग्या आल्या तर लगेच हात वर कर. मशीन प्लाझ्मा वेगळा करून बाकीचं रक्त परत सोडतं; ते गोठू नये म्हणून घातलेल्या सायट्रेटमुळे होतं ते, मशीनचा वेग कमी करतात. शेवटी सलाईन आत जाताना हुडहुडी भरते. माझ्या सेंटरवरच्या एक बाई न सांगता पांघरूण आणून देतात. मी त्यांची ड्युटी बघूनच जातो.