‘उ बेओग्राद’ की ‘उ बेओग्रादू’?

प्रश्न असा आहे : सर्बियन शिकायला घेतलं, तर एका वाक्यात ‘उ बेओग्राद’ दिसतं, दुसऱ्यात ‘उ बेओग्रादू’ आणि तिसऱ्यात ‘इझ बेओग्रादा’. शहर एकच, बेओग्राद म्हणजे आपलं बेलग्रेड, मग रूपं तीन कशी? आणि ‘उ’ म्हणजे ‘मध्ये’ असेल तर पहिल्या दोघांत फरक काय?

तिन्ही रूपं बरोबर आहेत. गोंधळ ‘उ’चा अर्थ पाठ केल्यामुळे होतो. तो एकटा काहीच ठरवत नाही. क्रियापदाला प्रश्न विचारायचा, त्याच्या उत्तराला विभक्ती मिळते. ‘कुदा?’ म्हणजे कुठे चाललात, याचं उत्तर द्वितीयेत : इदेम उ बेओग्राद. ‘ग्दे?’ म्हणजे कुठे आहात, याचं उत्तर सप्तमीत : उ बेओग्रादू साम. ‘ओदाक्ले?’ म्हणजे कुठून, तर षष्ठी : इझ बेओग्रादा. इथे आपण पंचमीची वाट बघतो, पण सर्बियनमध्ये पंचमी उरलेलीच नाही, तिचं काम षष्ठी करते. सर्बियातल्या शाळांतही विभक्त्या अशा प्रश्नांवरूनच शिकवतात. एकूण सात, त्यांत संबोधनही धरलेलं.

आता मराठी माणूस नेमका कुठे अडखळतो ते बघा. आपण ‘पुण्याला चाललो’ म्हणतो आणि ‘पुण्याला राहतो’ असंही म्हणतो. जाणं आणि असणं, दोन्हीला ‘-ला’ चालतो. सर्बियन इथे अजिबात सूट देत नाही. गंमत म्हणजे बोलताना तिथले लोक प्रश्नात सर्रास ढिलाई करतात, ‘कुदा इदेश?’ऐवजी ‘ग्दे इदेश?’ विचारतात. उत्तर मात्र द्वितीयेतच येतं. म्हणजे कानावर पडलेल्या प्रश्नशब्दावर विसंबू नका, क्रियापद बघा.

बेओग्रादवर हा सराव करू नये असं माझं मत. निर्जीव पुल्लिंगी नामाची प्रथमा आणि द्वितीया सारखीच असते, त्यामुळे काही बदललंय हेच कळत नाही. त्यापेक्षा उत्तरेतलं सुबोतित्सा घ्या (यातला ‘त्स’ म्हणजे आपल्या ‘चमचा’तला च, हिंदीवाल्यांना जो जड जातो तो आपल्याला फुकट मिळतो). जाताना उ सुबोतित्सू, तिथे असताना उ सुबोतित्सी, तिथून येताना इझ सुबोतित्से. स्त्रीलिंगी नाम लपवाछपवी करत नाही. नोवी साद हे शहर घेतलं तर विशेषणही (‘नोवी’ म्हणजे नवा) सोबत बदलतं : उ नोवी साद, उ नोवोम सादू, इझ नोवोग सादा. मराठीत ‘नवा’चं ‘नव्या’ एकदा केलं की ‘नव्या गावात, नव्या गावाला, नव्या गावाहून’ सगळीकडे तेच चालतं. तिथे दर विभक्तीला विशेषणाचं रूप नव्याने बघावं लागतं.

निर्जीव-सजीवाचा उल्लेख वर ओघात आला, पण तो मुद्दा मराठी माणसाला शिकवावाच लागत नाही. ‘त्राझिम आउतोबुस’ म्हणजे बस शोधतोय. ‘त्राझिम वोझाचा’ म्हणजे ड्रायव्हरला शोधतोय. बसला काही लागलं नाही, ड्रायव्हरला ‘-ला’ लागला. अगदी तसंच सर्बियनमध्ये ‘वोझाच’चं ‘वोझाचा’ होतं.

‘कशाने प्रवास करता?’ म्हणजे ‘चिमे पुतुयेते?’. उत्तर ‘वोझोम’ किंवा ‘आउतोबुसोम’ : रेल्वेने, बसने. ‘कुणाबरोबर?’ असं विचारलं तरच ‘स’ किंवा ‘सा’ लावायचा : सा सेस्त्रोम, बहिणीबरोबर. ‘सा वोझोम’ म्हटलं तर रेल्वे तुमच्या शेजारी बसून आल्यासारखं होतं. ही चूक तिथली पोरंही करतात आणि मास्तरांकडून ऐकून घेतात.

काही ठिकाणांना ‘उ’ चालत नाही, ‘ना’ लागतो. विमानतळ, स्टेशन, समुद्रकिनारा आणि झ्लातिबोर, कोपाओनिकसारखे डोंगर ही त्यातली नेहमीची. ‘ना’ने गेलात तर परत ‘सा’ने यायचं (इथे त्याचा अर्थ ‘बरोबर’ नव्हे, ‘-हून’) : ना झ्लातिबोर, सा झ्लातिबोरा. ‘उ’ने गेलात तर ‘इझ’ने. ही जोडी पाठ करण्याला पर्याय नाही.

तिकिटाच्या खिडकीवर मोजणीची वेगळीच तऱ्हा दिसते. एक हवं असेल तर ‘येद्नू कार्तू झा निश, मोलिम’, म्हणजे निश शहराचं एक तिकीट द्या. दोन, तीन, चार असतील तर ‘कार्ते’. पाचपासून ‘काराता’. एकवीस तिकिटांना मात्र परत ‘एक’चाच नियम, कारण शेवटचा शब्द ‘येद्ना’.

निशचं नाव निघालं म्हणून सांगतो. दक्षिणेकडे निश, लेस्कोवात्स या भागात विभक्त्या बऱ्याच झडल्या आहेत. तिथे ‘झिविम उ निश’, म्हणजे ‘मी निशला राहतो’, असं बिनदिक्कत ऐकू येईल. प्रमाण भाषेत ते ‘उ निशू’ हवं. ती बोली आहे, चुकीची सर्बियन नव्हे, पण परीक्षेत लिहू नका. आपल्या ‘पुण्याला’सारखा तिचाही एका रूपात संसार चालतो.

‘ओदाक्ले स्ते?’ हा प्रश्न तुम्हाला सगळ्यात आधी विचारला जाईल. उत्तर ‘इझ इंदिये’. ‘द’ स्वच्छ उच्चारा. ‘इझ इंजिये’ म्हणालात तर तुम्ही बेओग्राद-नोवी साद लोहमार्गावरच्या इंजिया गावचे ठरता. गाव खरंच आहे, आणि त्या मार्गाने गेलात तर वाटेत लागेलही.

राहता राहिलं घर. मराठीत ‘घरी जातो’ आणि ‘घरी आहे’, एकच ‘घरी’. सर्बियनमध्ये इथेही दोन : जात असाल तर ‘इदेम कुची’, मागेपुढे काही न लावता. घरी असाल तर ‘कोद कुचे साम’.